भर दुपारी हलवलेलं घर

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा तिला मारायचा, पण उजवा हात सोडून. हे माझ्या लक्षात यायला काही वर्षं गेली. डावा दंड, पाठ, मांड्या, एकदा कान. उजव्या हातावर कधी ओरखडासुद्धा दिसला नाही, कारण त्या हाताने ती गणपतीचे डोळे आखायची आणि त्या डोळ्यांवर त्याचा पेणमधला कारखाना चालायचा.

मूर्ती साच्यातून कोणीही काढतं. घासायला माणसं मिळतात, अंगाचा रंग मशीनने मारतात. डोळे मात्र हातानेच करायचे आणि सगळ्यात शेवटी. नजर जरा तिरकी गेली की व्यापारी मूर्ती परत पाठवतो. तिच्या मूर्ती कधी परत आल्या नाहीत. म्हणून तो त्या हाताला जपायचा. तिला विळीवर बसू देत नसे. कोलंबी सोलायला शेजारणीला बोलवायचा. थंडीत रात्री स्वतः कोमट खोबरेल लावून बोटं चोळून द्यायचा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "काय नवरा मिळालाय गो तुला! बायकोला फुलासारखी ठेवतो." बहीण हसायची. तिला मूल नव्हतं. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा त्याच्या लाथेने पडलं, हे त्या बायकांना माहीत नव्हतं.

मी रोह्यात खाणावळ चालवते. कंपनीतली माणसं शिफ्ट संपली की जेवायला येतात. एका एप्रिलात बहीण माझ्याकडे दिवसभरासाठी आली. दुपारी पंगत उठल्यावर आम्ही दोघी जेवायला बसलो, तर ती भिंतीपासून वीतभर लांब बसली. मी म्हटलं, "टेक की." म्हणाली, "नको." मी मागून ब्लाऊज वर केला आणि परत खाली केला. आम्ही जेवण पुरं केलं. हात धुताना ती म्हणाली, "ताई, मला तिथून काढ."

"नुसती तू यायचं म्हणत्येस, की सामानासकट?"

"सामानासकट. सगळं माझ्या हातचं आहे. अंगावरच्या कपड्यांवर यायला मी काय चोरी केली?"

"पोलिसांत जायचं?"

"आधी काढ. मग बघू."

ती हट्टी आहे, पण तिचं म्हणणं मला पटलं. नेसत्या लुगड्यावर आलेल्या बाईला आपले लोक दोन दिवस जेवायला घालतात आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याकडे पोचवतात. गादी, गॅस, शिलाई मशीन घेऊन आलेली बाई राहायला आली आहे हे सगळ्यांना कळतं. शेजाऱ्यांना कळतं, आणि तिचं तिलाही.

घर हलवायचं म्हटलं की लोक चांगला दिवस बघतात. मी वाईट दिवस बघायला लागले. जून लागल्यावर जमणार नव्हतं, कारण तेव्हापासून गणपतीपर्यंत कारखान्यात रात्रंदिवस माणसं असतात आणि तो उंबऱ्याबाहेर पडत नाही. म्हणजे मेच. मे महिन्यात तो आठवड्यातून एकदा तयार मूर्ती घेऊन पनवेलला जायचा आणि संध्याकाळी यायचा. सकाळी गल्लीत वर्दळ असते. दुपारी मात्र पेणमध्ये कुत्रंही सावली सोडत नाही. दुकानांची शटरं खाली, बायका दारं लोटून आडव्या झालेल्या, कारखान्यातले दोघे कामगार मागच्या पडवीत पोत्यांवर घोरत पडलेले. ऊन हाच आमचा राखणदार. त्या वेळी कोणी टेम्पो बघितलाच, तरी उठून विचारायला येणार नाही.

यादी मी लिहिली नाही. लिहिलेलं सापडतं. तिचा फोन तो तपासायचा म्हणून फोनवरही बोलणं नव्हतं. मी प्रत्यक्ष जायचे, आणि जायला कारण होतं. मे महिन्यात खाणावळीसाठी वर्षाचा मसाला कुटून घ्यावा लागतो, आणि माझा डंकवाला पेणचाच आहे. मिरची उन्हात टाकायला, भाजायला बहिणीची गच्ची. तिथून जाताना माझ्या हातात दोन मोठे पत्र्याचे डबे असायचे. वरच्या थराला मसाल्याची पुरचुंडी आणि खाली तिच्या साड्या. मेहुणा एकदा दारातच भेटला. म्हणाला, "ताई, यंदा कंपनीवाल्यांची जीभ जाळणार वाटतं तुम्ही." मी म्हटलं, "ज्याची जळायची त्याची जळेल." तो हसला आणि डबा उचलून रिक्षात ठेवायला मदत केली. त्या साड्या वर्षभर नेसताना ती शिंकत होती.

टेम्पो माझ्या मासेवाल्याचा. हा धरमतरच्या बाजूचा खाडीकाठचा माणूस, साठीचा, पहाटे मावरं आणून टाकतो आणि चहा पिऊन जातो. त्याला मी सगळं सांगितलं. अर्धवट सांगितलं तर माणसं ऐन वेळी अर्धवट मदत करतात.

तो म्हणाला, "बाय, यवऱ्या उनात घर हलवताव? मावरापन या टायमाला बर्फ मागतंय."

"मग बर्फ टाक."

"बर्फ कोनाचे डोक्यावर टाकू, तुझे का त्याचे?"

त्याने टेम्पो दोनदा धुतला तरी वास गेला नाही. पण येताना ताडपत्री, दोर आणि पाण्याचे दोन कॅन आणले, आणि एक पैसा न मागता सिलिंडर गुंडाळायला ओली गोणपाटंही आणली. उन्हात भरलेला सिलिंडर न्यायचा तर तो उभा, सावलीत आणि ओल्या गोणपाटात न्यावा, हे मला सुचलं नव्हतं.

सगळं नीट ठरलं होतं. अडलं ते डोळ्यांवर.

त्या कारखान्यात एक नियम आहे. तिच्या सासऱ्याने तो तिला शिकवला होता. मूर्तीचा एक डोळा उघडला की दुसरा उघडल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. आणि रंगून उभी राहिलेली मूर्ती आंधळी ठेवून लांबच्या गावाला जायचं नाही. म्हातारा गेला, पण ती नियम पाळत होती. गच्चीवर मिरच्या उलटताना ती मला म्हणाली, "मागच्या रांगेतल्या राहिल्यात. त्या करून निघते."

"त्या कधी जायच्या आहेत?"

"जुलैत."

"मग करील कोणीतरी जुलैत."

"आंधळे ठेवून नाही यायचं मला."

"अगं, ते प्लास्टर आहे."

"तुझ्यासाठी."

मी चिडले. म्हटलं, तुझी पाठ फोडली तेव्हा यातल्या एकाने तरी मध्ये हात घातला का, चार-चार हात असून? ती मिरच्या उलटत राहिली. मी जास्त ताणलं नाही. मला वाटलं, करील दोन-चार आणि समाधान करून घेईल. तिने सगळ्या केल्या. तो पारावर पत्ते खेळायला जायचा तेवढ्या वेळात रोज थोड्याथोड्या, आणि चेहऱ्यांवर धूळ बसू नये म्हणून लावतात ते वर्तमानपत्र परत होतं तसं चिकटवून ठेवलं.

ज्या दिवशी निघायचं, त्या सकाळी तो पनवेलचा माल भरत होता. एका मूर्तीचा कान दुखावलेला निघाला म्हणून बदली मूर्ती घ्यायला तो मागच्या रांगेत गेला. कागद उचलला. दुसरा उचलला. मग एकेक करून रांगभर उचलत गेला. हे मला नंतर तिथल्या कामगाराकडून कळलं. कोणावर ओरडला नाही, म्हणे. कागद खाली टाकत गेला आणि मग गाडीत बसून निघून गेला. जी बाई रोज मार खाऊन काम करते, तिने जुलैचं काम मे महिन्यात कोणी न सांगता का पुरं करावं, याचं उत्तर त्याला वाटेत मिळालं असणार. अर्ध्या वाटेत मालाची गाडी सावलीला लावून, ड्रायव्हरला तिथेच बसवून, तो दुसऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून परत फिरला.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही भरत होतो.

ऊन असं होतं की लोखंडी कपाटाला हात लावला तर चटका बसे. टेम्पोवाला हातांना फडकी गुंडाळून काम करत होता. गादी, मशीन, सिलिंडर, शेगडी, पिंप, देवांचा डबा, भांड्यांची दोन पोती. पंखा मीच स्टुलावर चढून उतरवला. घामाने डोळे चुरचुरत होते. गल्लीत कोणी नव्हतं. समोरच्या घरातली म्हातारी खिडकीतून बघत होती. तिने खिडकी लावून घेतली. कपाट चढवताना टेम्पोवाला म्हणाला, "यात काय नवऱ्याला पन भरलाव का? लई जड हाय." बहीण हसली. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

शेवटचा दोर आवळला आणि बघतो तर बहीण नाही. मी हाक मारली. कारखान्यातून आवाज आला, "आले, एकच आहे."

मी आत गेले. पत्र्याच्या छपराखाली भट्टीसारखं तापलं होतं. ती पाटावर बसली होती आणि समोर हातभर उंचीची मूर्ती होती. एक डोळा झालेला, दुसरा कोरा. ती म्हणाली, "ही कोपऱ्यात राहिली होती, आत्ता दिसली." मी म्हटलं, "ऊठ." ती म्हणाली, "एक उघडलाय ताई." ब्रश टेकलेला होता. मी तिला खेचलं असतं तर तो डोळा ओघळला असता आणि ती आयुष्यभर तेच बोलत बसली असती. मी उभी राहिले.

तो मागच्या पडवीतून आला. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, तोंड उन्हाने काळंनिळं. शिवी नाही, प्रश्न नाही. मोठ्या मूर्तींच्या पोटात घालतात त्या लोखंडी सळ्या भिंतीला टेकलेल्या होत्या. त्यातली एक उचलली आणि सरळ तिच्याकडे गेला. डाव्या हाताने तिचं उजवं मनगट धरून मूर्तीशेजारच्या पाटावर दाबलं. तेव्हा मला कळलं की त्याला कळलंय. इतकी वर्षं जपलेला हात आता दुसऱ्याच्या घरी जाणार होता.

पहिला घाव बोटांवर बसला. आवाज वाळली काटकी मोडावी तसा आला. ती ओरडली नाही, तिचा श्वासच आत ओढला गेला. दुसऱ्या घावाला त्याने सळई उचलली तेव्हा मी पोचले.

माझ्या हाताला मूर्ती वाहून नेतात ती फळी लागली. सागाची, दोन माणसांनी धरायची. मी ती त्याच्या खांद्यावर घातली. तो वळला आणि सळई माझ्या कमरेवर बसली. मला ती तेव्हा लागली नाही, नंतर महिनाभर लागली. तो म्हणाला, "तूच शिकवलंस हिला." मी दुसऱ्यांदा फळी घातली ती कानामागे. तो मूर्तींच्या रांगेवर पडला आणि रांग कोसळली. सोंडा, हात, पोटं, सगळीकडे पांढरा धुरळा. तो उठायला लागला म्हणून मी आणखी मारलं. मग तो उठायचा थांबला तरी मारलं. पाठीवर, मांड्यांवर. कुठे कुठे मारते आहे हे मला नीट माहीत होतं. तिच्या अंगावर ज्या जागा मी बघितल्या होत्या, त्याच जागा. त्याचा उजवा हात समोर पसरलेला होता. मी त्यावर पाय ठेवला आणि फळी उभी धरली.

बहीण म्हणाली, "ताई, नको. गाडी तापतेय."

तिचा आवाज इतका साधा होता की मी पाय काढला.

दारात दोन्ही कामगार उभे होते, झोपेतून उठलेले, लुंग्या सावरत. एक म्हणाला, "मावशी, मरंल ना तो." मी म्हटलं, "मरत नाही. पाणी मारा आणि डॉक्टरकडे न्या." दोघांपैकी कोणी मला अडवलं नाही आणि कोणी मालकाला उचलायलाही पुढे आलं नाही. मी फळी होती तिथे टेकून ठेवली. बहीण डाव्या हातात उजवा हात घेऊन उभी होती आणि बोटांतून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. निघताना ती खाली वाकून बघायला लागली. मी म्हटलं, "आता काय?" त्या मूर्तीचा दुसरा डोळा झाला होता का, ते ती बघत होती. मूर्तीचं डोकंच जागेवर नव्हतं. मी तिला बाहेर ढकललं.

टेम्पोवाल्याने हात बघितला. मासळीच्या पेटीतला बर्फ फडक्यात बांधून तिच्या मांडीवर ठेवला. नागोठणं मागे पडलं. खिडकीतून येणारा वारा चुलीवरच्या वाफेसारखा होता. भिसे खिंड चढताना तो एकदम म्हणाला, "गो पोरी, कुनी इचारला तर सांग, टेम्पोचे फाळक्यात हात गेला. माजे अंगावर घे."

बहीण म्हणाली, "नाही सांगणार. त्याने मोडला म्हणूनच सांगणार."

रोह्याच्या डॉक्टरला तिने तसंच सांगितलं. तीन बोटं मोडली होती. तारा घातल्या, प्लास्टर केलं. डॉक्टर म्हणाला, चमचा धरता येईल, बारीक कामाचं सांगता येत नाही. त्याने कागद लिहिला आणि ती तक्रार द्यायला तयार झाली. तक्रार दिली. मेहुण्याने मात्र माझ्यावर दिली नाही. डोक्याला टाके होते, बरगडी दुखावली होती, पण मेहुणीने फळीने झोडपलं असं लिहून द्यायला त्याची जीभ रेटेना. पेणमध्ये त्याने सांगितलं की मूर्तींची मांडणी अंगावर पडली. गल्लीतल्या म्हातारीने खिडकी लावली होती, पण कान मिटले नव्हते. पंधरा दिवसांत सगळ्यांना खरं कळलं आणि तिकडच्या दोन बायका मसाल्याच्या निमित्ताने मला बघायला येऊन गेल्या.

माझ्या खाणावळीमागची तांदळाची खोली तिची झाली. गादी, मशीन, पंखा, कपाट. प्लास्टर निघाल्यावर बोटं वाकडी आली, मधलं तर वळायचंच नाही. ती रोज गरम पाण्यात हात घालून बसायची आणि पिठाचा गोळा दाबायची. दुखायचं तेव्हा शिव्या द्यायची. त्याला, मला, डॉक्टरला. आधी चमचा आला, मग पोळपाटावर लाटणं आलं.  काम वाढत गेलं तसं मी ते तिच्याकडे देत गेले.

गणपती जवळ आले तेव्हा तो आला. दुपारची पंगत बसली होती. डोक्यावरचे केस टाक्यांच्या जागी उगवलेले नव्हते. मी गल्ला सोडून उठले. तो म्हणाला, "भांडायला नाही आलो, ताई. तिला बघायचंय." जेवणारी माणसं जेवायची थांबली. कंपनीतली चार धट्टीकट्टी पोरं पहिल्या टेबलावर होती, त्यांनी खुर्च्या मागे सरकवल्या. बहीण भाताचं पातेलं घेऊन आतून आली आणि त्याला बघून थांबली.

तो म्हणाला, "माल पडून आहे. डोळ्यांना जो माणूस ठेवला होता त्याने सगळ्या नजरा तिरक्या करून ठेवल्या. व्यापारी उचलत नाहीत." मग म्हणाला, "हात दाखव."

तिने पातेलं ठेवलं आणि हात टेबलावर ठेवला. त्याने तो धरला नाही. आलेला माल बघतात तसा वरून, खालून, बोटं हलवायला लावून बघितला. मग शर्टच्या खिशातून तिचा बारीक ब्रश काढला आणि तिच्या बोटांत दिला. ब्रश गळून खाली पडला. त्याने उचलून परत दिला आणि स्वतः तिची बोटं त्याभोवती मिटली. हात काढताच ब्रश परत पडला. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

त्याने ब्रश तिथेच राहू दिला. मग म्हणाला, "गेला." वळला, दारात चप्पल घातली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला. तो पुन्हा कधी आला नाही. निरोपही नाही.

मी ब्रश उचलला. त्याच सकाळी, पंगतीच्या आधी, मी तिला खोलीत मशीनवर बसलेली बघितलं होतं. माझ्या फाटक्या परकराला टीप घालायची होती. तिने त्या वाकड्या बोटांनी सुईत दोरा ओवला होता, पहिल्याच झटक्यात.

मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "काय बघत्येस? पहिल्या टेबलाला आमटी संपली. वाढ."